ताटं उचलल्यावरची बारा मिनिटं : घरच्या प्रार्थनेची घडी कशी बसवावी

जुन्या पिढीतले मराठी पुरुष बायकोचा उल्लेख ‘आमची मंडळी’ असा करायचे. आपल्या पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, चर्चसाठी जो शब्द आहे तोही मंडळीच. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात प्रेषित पौल प्रिस्का आणि अक्विला या जोडप्याला सलाम सांगतो, आणि त्यांच्या घरी जी मंडळी आहे तिलाही. ते वाचन आलं की माझे सासरे मिशीत हसायचे. “म्हणजे बायकोला वेगळा सलाम,” असं म्हणून सासूबाईंकडे बघायचे. विनोद सोडा, पण पौलाच्या काळात चर्चच्या इमारती नव्हत्याच. चूल, अंथरूण, पाहुणे आणि भांडणं असलेल्या घरातच मंडळी भरायची.

रविवारची उपासना पाळकसाहेब सांभाळतात. सोमवार ते शनिवार घरातल्या मंडळीचं काय, एवढ्यापुरताच हा लेख आहे. माझं माहेर नगरकडचं, शेवगाव तालुक्यातलं. सासर पिंपरीतलं, दोन खोल्या आणि किचन. घरात नवरा, सासूबाई, दहावीतला मुलगा आणि सहावीतली मुलगी. प्रार्थनेची ही घडी आमच्याकडे तीनदा बसली आणि तीनदा विस्कटली. आता चौथ्यांदा बसली आहे, ती टिकेल असं वाटतंय.

पहिला प्रयत्न नऊ दिवस चालला. १ जानेवारीला उत्साहात सुरुवात केली. तीन गीतं, उत्पत्तीचा एक पूर्ण अध्याय, मग प्रत्येकाची प्रार्थना. सासूबाईंच्या प्रार्थनेत जालन्यापासून मुंबईपर्यंतचे सगळे नातेवाईक नावानिशी यायचे, आणि एखादा राहिला की त्या आमेननंतर पुन्हा सुरू करायच्या. पाऊण तास व्हायचा, भात गार व्हायचा. मुलगा तेव्हा लहान होता, तो भिंतीला टेकून तोंड उघडं टाकून झोपायचा. दहाव्या दिवशी नवऱ्याला दुसरी पाळी लागली, तो रात्री बारानंतर घरी आला, आणि त्या विषयावर पुन्हा कुणी बोललं नाही. खरं सांगायचं तर सगळ्यांना सुटल्यासारखंच वाटलं होतं.

म्हणून पहिला नियम लांबीचा. बारा मिनिटं. एक गीत, पाच-दहा ओळींचं वाचन, थोडं बोलणं, छोट्या प्रार्थना आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. प्रभूची प्रार्थना सावकाश म्हटली तरी मिनिटभराची आहे. शिष्यांनी ‘आम्हांला प्रार्थना करायला शिकवा’ म्हटल्यावर येशूने शिकवलेली प्रार्थना इतकी लहान आहे, याचा आपल्याला पार विसर पडलेला असतो. कुणाला आणखी प्रार्थना करायची असेल तर त्याने नंतर एकट्याने करावी, हवी तितकी. सासूबाई आता तसंच करतात. त्यांची जालना ते मुंबई यादी पहाटे पाचला होते.

घड्याळाला नाही, ताटांना बांधा

‘रोज साडेआठला प्रार्थना’ असं ठरवलंत की पहिल्याच आठवड्यात मोडतं. कधी क्लास उशिरा सुटतो, कधी लाईट जाते, कधी नेमके साडेआठलाच शेजारच्या काकू पीठ मागायला येतात. त्यापेक्षा रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला ती बांधा. आमच्याकडे ती गोष्ट म्हणजे ताटं उचलणं. ताटं बेसिनमध्ये गेली, ओट्यावरून फडकं फिरलं, की तिथेच चटईवर बसायचं. भांडी नंतर. आधी भांडी घासायला घेतली की बाई स्वयंपाकघरात राहते आणि बाकीचे तिच्याशिवाय प्रार्थना उरकतात. मार्था कामात धावते आणि बहीण मरीया येशूच्या पायाशी ऐकत बसते, ती गोष्ट (लूक १०:३८-४२) वाचताना ‘पण मग पोळ्या कोण करणार’ असा प्रश्न प्रत्येक मराठी बाईच्या मनात येतोच. माझं उत्तर असं की पोळ्या आधी करा, भांडी सगळ्यांनी मिळून घासा, आणि मधली बारा मिनिटं मार्थेलाही बसू द्या.

पाळ्या असतील तिथे आठवड्याप्रमाणे वेळ बदला. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात माझा नवरा जेवणाच्या सुट्टीत फोन करतो. आम्ही फोन स्पीकरवर ठेवून फक्त प्रभूची प्रार्थना एकत्र म्हणतो आणि ठेवतो. मागून यंत्रांचा आवाज येत असतो. माझी धाकटी बहीण मस्कतला असते. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आणि उपासनाही शुक्रवारी, त्यामुळे रोज जमत नाही. तिच्याबरोबर शनिवारी व्हिडिओ कॉल ठरलेला आहे.

जागेला फार महत्त्व देऊ नका. देवघरासारखा कोपरा हवाच असं काही नाही. एक डबा किंवा पिशवी मात्र ठेवा. त्यात पवित्र शास्त्र, गीतांचं पुस्तक, एक वही आणि एक पेन असू दे. पेन दोऱ्याने बांधा, नाहीतर ते तिथे सापडणार नाही. वाचन मोबाईलवर करू नका. मोबाईलमधलं बायबल प्रवासात चांगलं, पण घरात वचनाच्या वरच कुणाच्या तरी वाढदिवसाचा मेसेज येऊन पडतो.

काय वाचावं

उत्पत्तीपासून सुरुवात करू नका. रोज एक अध्याय धरला तर उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० संपवून १ एप्रिलला लेवीय उघडतं. होमबली, चरबी, त्वचारोगाचे नियम. भर परीक्षेच्या दिवसांत बरीचशी कुटुंबं तिथेच थांबतात. लेवीय वाईट नाही, पण घरच्या प्रार्थनेची सुरुवात करायला ते पुस्तक नव्हे.

मार्कापासून सुरू करा. १६च अध्याय आहेत, गोष्टी भराभर पुढे जातात, आणि त्यात घरं फार आहेत. पहिल्या पंधरा दिवसांसाठी आम्ही बहुतेक घरातल्या गोष्टी निवडल्या होत्या, त्या अशा. पहिल्या दिवशी पेत्राच्या सासूचा ताप (मार्क १:२९-३१). दुसऱ्या दिवशी छप्पर उस्तरून खाली सोडलेला पक्षघाती (२:१-१२), तिसऱ्या दिवशी येशूला वेड लागलंय असं समजून त्याला न्यायला आलेले घरचेच लोक (३:२०-२१ आणि ३१-३५). मग वादळ (४:३५-४१). याईराची मुलगी मोठी गोष्ट आहे (५:२१-४३), ती दोन दिवसांत वाचा. त्यात ती मुलगी बारा वर्षांची होती असं आहे आणि उठल्यावर ‘हिला खायला द्या’ असं येशू सांगतो, तिथे जरा थांबा. सातव्या दिवशी पाच भाकरी, दोन मासे (६:३०-४४). आठव्या दिवशी परक्या जातीची, पोरीसाठी वाद घालणारी आई (७:२४-३०). नवव्या दिवशी मुलाच्या आजाराने थकलेला बाप, जो एका दमात ‘माझा विश्वास आहे’ म्हणतो आणि लगेच ‘माझा अविश्वास घालवा’ असंही म्हणतो (९:१४-२९). मग मुलांना जवळ घेणं (१०:१३-१६), आंधळा बार्तीमय (१०:४६-५२), विधवेची दमडी (१२:४१-४४). शेवटच्या तीन दिवसांत लूककडे जा : उधळ्या मुलाची गोष्ट दोन भागांत, धाकटा आज आणि थोरला उद्या (१५:११-२४, मग २५-३२), आणि अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे, ज्यांनी येशूला भाकर मोडताना ओळखलं (२४:१३-३५).

थोरल्या मुलाला वेगळा दिवस द्यावा असं मला मुद्दाम वाटतं. आपल्या घरांत उधळ्यांपेक्षा थोरलेच जास्त सापडतात. ‘मी एवढं केलं, मला कुणी विचारलं नाही’ म्हणणारे. मीही त्यातलीच.

पुढे नीतिसूत्रं तारखेप्रमाणे वाचता येतात, ३१ अध्याय आहेत, आजची तारीख तोच अध्याय. पूर्ण अध्याय नको, त्यातली दोन-तीन वचनं पुरे. स्तोत्रं १५० आहेत, ती रविवारसाठी ठेवलीत तर जवळजवळ तीन वर्षं पुरतात.

भाषेचं बघा. आपल्या शास्त्रातले काही शब्द मुलांना कळत नाहीत आणि आपण ते कळले असं धरून चालतो. माझ्या मुलाने सातवीत असताना विचारलं होतं, “तारण म्हणजे गहाण ना? बँकेच्या बोर्डावर सोनेतारण लिहिलेलं असतं.” वर्षानुवर्षं तो ‘येशू तारणारा’ हे गीत गहाण ठेवणाऱ्याचं समजून गात होता! त्या दिवशी वाचन राहिलंच, तारण, तारणे, तरणे या शब्दांवर दहा मिनिटं गेली, आणि ती वाया गेली असं मला वाटत नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. १९२२ साली त्यांचं निधन झालं तोवर त्या त्याच कामात होत्या. बाई संस्कृतच्या पंडिता, पण भाषांतर हवं होतं कमी शिकलेल्या बायकांनाही कळेल असं. घरात वाचणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. ‘नीतिमान’, ‘प्रायश्चित्त’, ‘कृपा’ असे शब्द आले की थांबून आपल्या बोलीत सांगा, आणि आपल्याला सांगता येत नसेल तर तसं म्हणा, रविवारी पाळकांना विचारा.

पाठांतर मात्र जुन्याच भाषेत करा, तिला लय आहे. तेविसावं स्तोत्र घ्या. ‘तो मला हिरव्यागार कुरणांत बसवितो.’ आमच्या गावाकडे धनगर येतात तेव्हा शेतकरी रानात मेंढ्या ‘बसवतात’, म्हणजे रात्रभर कळप शेतात मुक्कामाला ठेवून खत मिळवतात. हे मुलीला सांगितलं तेव्हा तिचा प्रश्न आला की मग मेंढपाळ रात्री कुठे झोपतो? तिथेच, कळपाशेजारी, कुत्री आणि काठी घेऊन. चौथं वचन, तू माझ्याबरोबर आहेस, तुझी काठी मला धीर देते, हे त्यानंतर तिला कधी समजावून सांगावं लागलं नाही.

प्रश्न दोनच

वाचून झालं की प्रवचन देऊ नका. बापाने शास्त्र हातात घेतलं की त्याच्यात पाळक शिरतो आणि मुलांचे डोळे घड्याळाकडे जातात. त्याऐवजी दोनच प्रश्न विचारा. या गोष्टीत आपल्यासारखं कोण वागलं? आणि हे आज आपल्या घरात कुठे दिसलं? मग गप्प बसा. उत्तर आलं नाही तरी चालेल. पहिल्या आठवड्यात आमच्याकडे पंख्याचाच आवाज ऐकू यायचा.

पेत्राच्या सासूच्या गोष्टीला मात्र उत्तर आलं, तेही सासूबाईंकडून. “ताप उतरल्या उतरल्या उठून वाढायला लागली बघा ती. तू बस, आम्ही घेतो, असं एकाच्याही तोंडातून निघालं नाही.” सगळे हसले. मुलगा हसता हसता थांबला, कारण त्याच आठवड्यात आजीचे गुडघे सुजले होते आणि तरी भाकरी तिनेच थापल्या होत्या. कुणी काही ठराव वगैरे केला नाही. पुढच्या रविवारी त्याने आजीला आधी जेवायला बसवलं आणि स्वतः वाढलं, आमटी ताटाबाहेर सांडत. ते अजून चालू आहे. आमटीही अजून सांडते.

दहावी-बारावीच्या मुलांवर मोठ्याने प्रार्थना करायची सक्ती नको. त्यांना काम द्या : वाचन, ढोलकी, वही लिहिणं. आणि त्यांनी ‘देव आहे कशावरून’ असं विचारलं तर घाबरून जाऊ नका. नवव्या दिवसाच्या वाचनातला तो बाप लक्षात ठेवा, त्याला कुणी हाकललं नाही.

प्रार्थनेतल्या खोड्या

वहीच्या प्रत्येक पानाचे उभे दोन भाग करा. डावीकडे तारीख आणि विषय. उजवा भाग मोकळा, पुढे काय झालं ते लिहायला. विषय नेमका लिहा. ‘सर्वांचं भलं कर’ हा विषय नाही. ‘मंगळवारी आजीच्या गुडघ्याचा एक्स-रे’ हा विषय आहे. महिन्यातून एकदा मागची पानं वाचा. उजवीकडे ‘झालं’ असं थोड्या ठिकाणी असतं, ‘नाही झालं’ असंही असतं, आणि बऱ्याच ठिकाणी ‘वेगळंच काहीतरी झालं’ असं असतं. ‘नाही झालं’ खोडू नका. मुलांना हे दिसलं पाहिजे की आई-वडील न मिळालेल्या गोष्टींचीही नोंद ठेवतात आणि तरी दुसऱ्या दिवशी चटईवर येऊन बसतात.

दोन खोड्या आपल्या सगळ्यांत आहेत. एक म्हणजे प्रार्थनेतून मुलांना बोलणं : ‘हे प्रभू, आमच्या मुलाला मोबाईल बाजूला ठेवायची बुद्धी दे.’ हे देवाला सांगणं नव्हे, मुलाला डोळे मिटायला लावून दिलेलं लेक्चर आहे. बोलायचं ते समोरासमोर बोला. दुसरी खोड म्हणजे प्रार्थनेच्या नावाखाली चहाड्या. ‘तिच्या मुलीसाठी प्रार्थना करा हं, तिचं असं असं झालंय’ हे वाक्य महिला संघात मीही म्हटलेलं आहे. आता आमचा नियम असा की दुसऱ्याच्या घरातला विषय नुसत्या नावाने लिहायचा, तपशील देवाला माहीत असतात.

वचनाच्या पेट्या बहुतेक घरांत असतात, लहानशी प्लास्टिकची डबी, त्यात रंगीत चिठ्ठ्या. सकाळी एक उचलायची. मला त्या आवडतात, पण त्यांचं भविष्य होऊ देऊ नका. यिर्मया २९:११ हे सगळ्यांचं लाडकं वचन, देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, अनर्थाचे नाहीत. त्याच्या आधीचं दहावं वचन उघडून बघा, तिथे बाबेलमधल्या बंदिवासाची ७० वर्षं आहेत. यिर्मयाचं हे पत्र ज्या बंदिवानांना पहिल्यांदा वाचून दाखवलं त्यातल्या कित्येकांना परतीचा दिवस दिसलाही नसणार. चिठ्ठी निघाली की शास्त्रात ती जागा काढून मागच्या-पुढच्या चार ओळी वाचायच्या, एवढी सवय लावली तरी पुरे.

‘ऋण सोड’

प्रभूच्या प्रार्थनेत मराठी घराला सर्वांत जवळचं वाक्य कुठलं, असं मला विचारलंत तर भाकरीचं नाही, त्याच्या पुढचं : ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ मत्तयात शब्द ऋणाचाच आहे. माझ्या आजोबांवर सोसायटीचं कर्ज होतं, त्यामुळे हे वाक्य म्हणताना त्यांचा आवाज बदलायचा. एका वर्षी पाऊस गेला. शेजारच्याने आमच्याकडून दोन पायल्या बाजरी उसनी नेली होती, ती वहीत लिहिलेली होती. रात्री कंदिलाशेजारी प्रार्थना चालली होती. आजोबा ‘ऋण्यांस’ या शब्दापाशी थांबले, उठले, कोनाड्यातली वही काढली, पेन्सिल जिभेला लावली आणि ती ओळ आडवी खोडली. मग परत येऊन पुढचं म्हटलं. आजी आमेन म्हणाली आणि लगेच, “आता उद्या चुलीवर काय ठेवू, पेन्सिल?” मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. दोघांपैकी कोण बरोबर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

हेच वाक्य पुढे माझ्या घशात अडकलं. नवऱ्याने मला न सांगता त्याच्या चुलत भावाला चाळीस हजार दिले होते, मुलाच्या फीचे. तीन दिवस आम्ही एकमेकांशी फक्त ‘दूध आणलं का’ एवढंच बोलत होतो. तिसऱ्या रात्री प्रार्थना चालवायची पाळी माझी होती. ‘जसे आम्ही’पर्यंत आले आणि पुढचे शब्दच येईनात. सासूबाईंनी वाक्य पुरं केलं, मुलांनी पुढचं. मी भांडी घासायला उठले.

रागात असताना सूर्य मावळू नये असं इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे. आमचा तीनदा मावळला. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात तर असं आहे की वेदीपुढे आल्यावर भावाच्या मनात काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. त्यावरून आम्ही एक रीत काढली, ती तुम्हीही वापरून बघा. भांडण चालू असेल तर प्रार्थनेआधी दोघांपैकी एकाने एवढंच म्हणायचं : “आपलं मिटलेलं नाही, उद्या सकाळी चहाला बोलू.” वेळ ठरवायची. मग प्रभूची प्रार्थना म्हणायची, ज्याला म्हणता येत नसेल त्याने ऐकायची. भांडण प्रार्थनेत सोडवायचं नाही, देवाला पंच करून एकमेकांवर फिर्यादी करायच्या नाहीत. चहाला हिशेबाची वही घेऊन बसायचं. चाळीस हजारांचं आम्ही तसंच केलं. बारा हप्ते ठरले, सात आले. राहिलेल्या पाचांबद्दल आमचं अजून एकमत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. मारहाण, दारू पिऊन होणारा छळ, मुलांशी गैरवर्तन यांना ‘क्षमा कर आणि सहन कर’ हे उत्तर नाही. कुणी वचन काढून तसं सांगत असेल तर ऐकू नका. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीला ११२ हे नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मन खचलं असेल, झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल तर १४४१६ वर टेली-मानसला फोन करा, मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. पौलानेही तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं होतं, फक्त प्रार्थना कर असं लिहिलं नव्हतं.

गाणं

पेटी-तबला असेल तर उत्तम, नसेल तर टाळ्या. इंग्रजी चालींच्या गीतांना चार आवाज आणि ऑर्गन लागतो. अभंग, ओवी, भजन यांना एक सांगणारा आणि बाकीचे मागून म्हणणारे एवढेच पुरतात, आणि अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा पहिल्या रांगेत येते. हे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी ओळखलं होतं, त्यांची भजनं आपण अजून गातो. एका महिन्यात एकच गीत धरा. रोज तेच. मुलं कुरकुर करतील, पण महिन्याअखेर ते अंघोळीत गुणगुणताना ऐकू येतील.

वसईकडच्या आणि गोव्यातल्या कॅथलिक घरांकडून शिकण्यासारखं इथे खूप आहे. संध्याकाळची जपमाळ, गोव्यात तिला तेर्स म्हणतात, पाच दशकांची, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच भागांची. पुस्तक नको, दिवा नको, हाताला मणी कळतात. माझी वसईची मैत्रीण सांगते की तिची आजी डोळे गेल्यावरही घरातली जपमाळ चालवायची. आम्हा प्रोटेस्टंटांना पाठ प्रार्थना म्हणजे कोरडी प्रार्थना असं वाटायचं, पण आजारपणात आणि म्हातारपणी पाठ असलेलंच उरतं, हे मी माझ्या सासऱ्यांच्या उशाशी बसून पाहिलं. शेवटच्या दिवसांत ते आम्हाला ओळखत नव्हते. तेविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ मी म्हटली की दुसरी ते म्हणायचे.

दुःखाच्या दिवसांत

सासरे गेले त्या आठवड्यात आमच्याकडे कुणालाच प्रार्थना सुचेना. अशा वेळी उसने शब्द घ्या. तेरावं स्तोत्र ‘कोठवर?’ असं देवाला पुन्हा पुन्हा विचारतं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ नाही. कुणीतरी हे आधीच लिहून शास्त्रात ठेवलंय, म्हणजे आपण असं म्हणू शकतो. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी बसायचं. बस्स.

भेटायला जाल तेव्हा ‘देवाची इच्छा’ हे शब्द घरीच ठेवून जा. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर काही न बोलता बसले, तोवर ठीक होतं. बोलायला लागले आणि बिघडलं. पिठलं-भाकरीचा डबा न्या आणि डबा परत मागू नका.

घरात सगळेच विश्वासातले नसतील तर

ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मध्ये झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली वर्षं ओढाताणीची होती, आणि लक्ष्मीबाईंनी निर्णय घेतला तो स्वतःच्या वेळेने. नवरा किंवा बायको दुसऱ्या धर्माची असेल, माहेर हिंदू असेल, तर ही दोन सालं लक्षात ठेवावीत. १ पेत्र ३:१ मध्ये तर ‘वचनावाचून’, म्हणजे न बोलता, वागणुकीने, असा शब्द आहे. पाहुणे आले म्हणून प्रार्थना लांबवू नका, आणि त्यांना ऐकू जावं म्हणून देवाशी बोलू नका. नेहमीची बारा मिनिटं, ‘तुम्ही बसा, आम्ही येतोच’ असं सांगून. शेजारणीकडचा दिवाळीचा फराळ घ्या, नाताळात तिच्याकडे करंज्या पाठवा, तिच्या मुलाच्या मुलाखतीचा विषय वहीत लिहा. मागच्या वर्षी तिनेच दारात विचारलं, “तुमच्या त्या वहीत आमचं लिहिता का?” लिहिलं. उजवा भाग अजून मोकळा आहे.

मोडली तर

मोडणार. लग्नसराईत, परीक्षेत, गावी गेल्यावर, नुसत्या कंटाळ्यानेही. राहिलेलं वाचन भरून काढायला जाऊ नका, त्याचा डोंगर होतो आणि मग कुणी जवळ जात नाही. जिथे होतात तिथली खूण काढून टाका आणि आजचं वाचा. पुन्हा सुरू करताना भाषण नको, ‘आपण किती दिवस केलं नाही’ हा हिशेबही नको. ताटं उचलल्यावर चटई टाका आणि बसा. पहिल्या दिवशी एकटे असाल तर एकट्याने. आमच्याकडे चौथ्यांदा सुरू झालं ते मुलीमुळे. जून महिना होता, शाळा नुकती सुरू झालेली. मी ओटा पुसत होते, तिने डबा उघडला, पेन दोऱ्यासकट बाहेर काढलं आणि विचारलं, “आई, तारीख आजचीच टाकू ना?”